एक वायसर, एक रविवार : मीरा रोडचं पाणी नेमकं कुठे गळतं?

आज आधी एक छोटंसं काम देते. एका कानातला इअरफोन काढा आणि बाथरूमच्या, किचनच्या दिशेनं कान द्या. टप... टप... असं काही ऐकू येतंय? लोकलमध्ये उभे असाल तर राहू द्या, घरी गेल्यावर रात्री ऐका. फॅन बंद केला की जास्त स्पष्ट ऐकू येतं.

तर आजचा विषय आहे पाणी. "पाणी वाचवा, जीवन वाचवा" हे शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी वाचलंय, निबंधात लिहिलंय, त्यावर मार्कही मिळवलेत. त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. आज बोलायचंय आपल्या मीरा रोडच्या फ्लॅटमधल्या पाण्याबद्दल. ते येतं कुठून, घरात कुठे वाया जातं आणि एका रविवारी आपण काय करू शकतो, एवढंच.

पहिला प्रश्न, आपलं पाणी येतं कुठून? मीरा-भाईंदरच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, पण शहराचं स्वतःचं धरण नाही. आपल्याला पाणी मिळतं मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक म्हणजे स्टेम. हे नाव बातम्यांत सारखं येतं, त्याचा मूळ अर्थ शहाड-टेमघर. शहाड कल्याणच्या पुढचं स्टेशन, तिथे उल्हास नदीतून पाणी उचललं जातं. दुसरं एमआयडीसीचं पाणी, बारवी धरण आणि उल्हास नदीच्या व्यवस्थेतलं. म्हणजे आपल्या बादलीतलं पाणी कल्याण-बदलापूरच्या बाजूनं पाइपातून इथपर्यंत येतं. मध्ये कुठे पाइप फुटला, वीज गेली किंवा दुरुस्तीसाठी शटडाउन घेतलं, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो : "उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा."

तिसरं नाव सूर्या. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवर धामणी धरण आहे. तिथून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणायची एमएमआरडीएची योजना आहे. त्यातलं १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला. आपल्याकडे कुणाला पाण्याबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं, "सूर्याचं पाणी आलं की सगळं नीट होईल." पण सूर्या प्रकल्प मुळात शेतीच्या सिंचनासाठी उभा राहिला. त्याचं पाणी शहरांकडे वळवायला पालघर-डहाणूकडच्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासी संघटनांनी विरोध केला होता. हे सांगून कुणाला अपराधी वाटायला लावायचं नाहीये. पण आपल्या नळाला येणारं पाणी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी दारावरून जातं, एवढं लक्षात असावं. ते इथे आणून फ्लशच्या टाकीतून रात्रभर गळू द्यायचं का, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

आता मीरा रोडच्याच एका माणसाची गोष्ट. नाव आबिद सुरती. तुमच्या आईबाबांना विचारा, 'धर्मयुग'मधला ढब्बूजी आठवतो का. आणि इंद्रजाल कॉमिक्समधला बहादुर? १९७६ साली आलेला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा. ही दोन्ही पात्रं आबिद सुरतींची. चित्रकार, व्यंगचित्रकार, हिंदी आणि गुजरातीतले लेखक. पण मीरा रोडमध्ये त्यांची ओळख वेगळीच झाली, नळ दुरुस्त करणारे आबिदभाई.

झालं असं की एका मित्राच्या घरी बसलेले असताना त्यांच्या कानावर नळाची टपटप आली. ती त्यांना सहन होईना, कारण लहानपणी मुंबईत एका बादलीसाठी पहाटे रांगेत उभी राहणारी आई त्यांनी पाहिली होती. त्यांनी मित्राला विचारलं, नळ का दुरुस्त करत नाहीस? मित्राची अडचण अगदी आपल्यासारखीच होती. एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही, आणि आला तरी वायसरच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे घेतो.

२००७ साली आबिदभाईंना उत्तर प्रदेशच्या हिंदी संस्थेकडून १ लाख रुपयांचा पुरस्कार मिळाला. ते पैसे त्यांनी या कामाला लावले आणि 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केलं. मोठं ऑफिस नाही, भला मोठा स्टाफ नाही. आधी बिल्डिंगमध्ये पोस्टर लागायचं. मग रविवारी तीन माणसं दारोदार जायची : एक प्लंबर, एक स्वयंसेवक मुलगी आणि आबिदभाई. "नळ गळतोय का? आम्ही फुकट दुरुस्त करून देतो." बस, एवढंच काम. पहिल्याच वर्षी मीरा रोडमधल्या १,६६६ घरांत ते गेले आणि ४१४ गळके नळ दुरुस्त झाले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

मला या आकड्यांत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १,६६६ घरांत ४१४ नळ, म्हणजे साधारण चार घरांमागे एक. आता या घरांतल्या लोकांना पाण्याची किंमत कळत नव्हती का? नक्कीच कळत होती. मीरा रोडमध्ये पाणी भरायला पहाटे उठलेली माणसं आहेत ही. तरी नळ गळत होते, कारण हे काम कुणाचंच नव्हतं. प्लंबरला परवडत नाही, घरातल्यांना जमत नाही, आणि बिल तर सोसायटीचं कॉमन. आपल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये मीटर बिल्डिंगला असतो, फ्लॅटला नाही. पाण्याचा खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांत वाटला जातो. माझा नळ गळला तरी माझं बिल वाढलेलं मला दिसत नाही. महिन्याच्या शेवटी टँकरचा खर्च दिसतो, आणि मग मीटिंगमध्ये भांडण होतं की जास्त पाणी कोण वापरतं, तिसऱ्या मजल्यावरचे की पाहुणे सतत येणारे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आधी मोजा, मग दुरुस्त करा. भांडण नंतर.

मोजायचं कसं? गळत्या नळाखाली एक वाटी ठेवा आणि मोबाइलवर एक तासाचा टायमर लावा. साधारण १५० मिलीची वाटी तासात भरली, तर दिवसाला ३.६ लिटर. अर्धा लिटर जमलं, तर दिवसाला १२ लिटर. आणि बारीक धार लागली असेल, म्हणजे दहा मिनिटांत एक लिटर, तर दिवसाला १४४ लिटर. आता हा आकडा कशाशी ताडून बघायचा? आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २०, लादी-साफसफाई १०, भांडी १०, स्वयंपाक ५ आणि पिण्यासाठी ५. म्हणजे दहा मिनिटांत लिटरभर गळणारा एक नळ घरातल्या एका जास्तीच्या माणसाएवढं पाणी खातो, आणि हा माणूस कामाला जात नाही, झोपतही नाही!

आता बिल्डिंगचा हिशोब. समजा ६० फ्लॅट आहेत आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये दिवसाला १२ लिटर गळतंय. रोज ७२० लिटर, महिन्याला २१,६००. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. आपण टँकर मागवतो आणि त्यातलं पाणी गळत्या नळांतून सोडून देतो.

नळाचा वायसर बदलणं खरंच कठीण नाही. आधी पाणी बंद करा. बेसिनखाली छोटा अँगल कॉक असतो, बाथरूमला वेगळा वॉल असतो. नळ उघडून आतलं उरलेलं पाणी जाऊ द्या. मग वरची मूठ काढा, आतला स्पिंडल पान्यानं फिरवून बाहेर काढा. त्याच्या टोकाला रबराचा वायसर दिसेल, झिजलेला, चिरलेला. तोच नमुना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. अंदाजानं आणू नका, साईज चुकते. अर्ध्या फेरीत उघड-बंद होणारे नवे नळ असतील, तर त्यात वायसर नसतो, आतला पूर्ण स्पिंडल बदलावा लागतो. तोही नमुना दाखवूनच आणायचा. आणि हो, सुरू करण्याआधी बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू खाली जातो आणि अख्खा रविवार तो शोधण्यात जातो.

नळ निदान आवाज तरी करतो. फ्लश मात्र गुपचूप गळतो. त्याची तपासणी अशी करा : टाकीचं झाकण उघडून खायचा रंग टाका, थोडासाच. अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतला सील गेलाय. कधी कधी फ्लोट नीट बसत नाही आणि पाणी आतल्या नळकांड्यातून सतत वाहतं. ते झाकण उघडल्याबरोबर दिसतं. जुन्या बिल्डिंगमध्ये मोठी टाकी असेल, तर एक लिटरची बाटली पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून आत ठेवा. प्रत्येक फ्लशला एक लिटर वाचतं. चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे दिवसाला २० लिटर. वीट ठेवू नका, तिचा चुरा होऊन वॉल अडकतो.

शॉवरचंही तसंच. शॉवरखाली बादली ठेवा आणि ती किती वेळात भरते ते स्टॉपवॉचवर बघा. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरली, तर दहा मिनिटांच्या आंघोळीला १०० लिटर लागतात. एकट्या आंघोळीत दिवसाचा कोटा संपत आला. आणि गाणं कोणतं लावताय ते बघा. चार मिनिटांचं एक गाणं, तेवढ्यात आंघोळ. दोन गाणी फक्त रविवारी.

आता जरा घरातल्या मोठ्यांचा विषय. आपल्याकडे सकाळी पाणी आलं की एक काम ठरलेलं असतं. कालचं भरलेलं पाणी "शिळं" म्हणून ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. हंडा, कळशी, पिंप, सगळं रिकामं. आजीशी यावरून वाद घालू नका, ती जिंकते. तिला एवढंच म्हणा, "आजी, पिण्यासाठी ताजं भर, पण कालचं ओतू नको, मला दे." स्वच्छ भांड्यात, झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. आणि पिण्यासाठी नको असेल, तरी लादी पुसायला, कपडे भिजवायला, झाडांना ते चालतंच की. पिंपभर पाणी मोरीत जायच्या ऐवजी कामाला लागलं, तर आजीचा नियमही राहिला आणि पाणीही राहिलं.

दुसरा विषय आरओचा. घरगुती आरओ मशिनं बऱ्याचदा एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. आधी बघा, तुम्हाला आरओ लागतो का? पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण म्हणजे टीडीएस. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंतचा टीडीएस पिण्यासाठी चांगला मानतात. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं होतं की टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरण्यावर बंदी आणावी. नदी-धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमीच असतात. टीडीएस मीटर छोटासा, पेनासारखा असतो, सोसायटीत एकानं घेतला तरी सगळ्यांना पुरतो. पण एक लक्षात ठेवा, टीडीएस कमी म्हणजे जंतू नाहीत असं नाही. त्यासाठी यूव्ही किंवा उकळणं हवंच. आणि टँकरचं, बोअरचं पाणी वेगळं असू शकतं, ते वेगळं तपासा. आरओ ठेवायचाच असेल, तर त्याचा बाहेरचा पाइप बादलीत सोडा. ते पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला आणि लादीला चालतं.

आता आपली लाडकी बाग. मीरा रोडमध्ये बाग म्हणजे खिडकीची ग्रिल. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, मनीप्लांट आणि कुठूनतरी आलेली कोरफड. झाडांना पाणी वेळापत्रकानं घालायचं नसतं, मातीला विचारून घालायचं असतं. बोट साधारण इंचभर मातीत खुपसा. ओलं लागलं, तर आज पाणी नको. आपल्याकडची बरीच कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतात, मुळं कुजून. पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घाला. मातीवर सुकी पानं किंवा नारळाचा काथ्या पसरा, ओल टिकते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी झाडांना चालतं. साबणाचं किंवा मीठ घातलेलं पाणी नको. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी घालायचं असेल तर साध्या पाण्यात मिसळून घाला, नाहीतर क्षार साचून पानांच्या कडा जळतात. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. आणि जास्त पाणी घातलं, की ते खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतं. त्याचा खर्च लिटरमध्ये मोजता येत नाही!

घरातलं झालं. पण सगळ्यात मोठी गळती बऱ्याचदा कुठल्याच घरात नसते, ती असते गच्चीवर. खालच्या टाकीतून मोटर लावून वरची टाकी भरायची, आणि ती भरली की मोटर बंद करायची, हे काम वॉचमनकाकांचं. तेच गेट बघतात, पार्सल घेतात, गाड्या लावून देतात, लिफ्ट अडकली तर तिथेही धावतात. मग टाकी ओव्हरफ्लो झाली की आपण खिडकीतून ओरडतो, "काका, मोटर!" ओरडून काही बदलत नाही. टाकी भरल्यावर मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवून घ्या. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडायचा हा सगळ्यात सोपा ठराव आहे, कारण यात कुणालाच आपली सवय बदलावी लागत नाही.

जरा मोठा विचार करायचा असेल, तर पाऊस. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळतं. गच्ची ३०० चौरस मीटरची असेल आणि मोसमात २,००० मिलिमीटर पाऊस झाला, तर ६ लाख लिटर. आपल्याकडे सहसा याहून जास्तच पडतो. उडालेलं, वाहून गेलेलं वजा करून ८० टक्के धरले, तरी ४ लाख ८० हजार, म्हणजे ४८ टँकर. हे सगळं साठवायला टाकी कुणाकडे नसते, मान्य. पण दहा हजार लिटरची एक टाकी ४० मिलिमीटरच्या एका पावसात जवळपास भरते. ते पाणी फ्लशला, गाड्या धुवायला, कंपाउंडमधल्या झाडांना वापरा, पुन्हा पाऊस आला की पुन्हा भरेल. जमिनीत मुरवायचं असेल, तर आधी जाणकाराकडून जागा तपासून घ्या. आपला बराचसा भाग खाडीच्या आणि जुन्या मिठागरांच्या कडेचा आहे, त्यामुळे बोअरचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ लागतं. तिथे खड्डा खणण्यापेक्षा टाकी बरी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत ठरावीक आकाराच्या पुढच्या बांधकामांना रेनवॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहे. तुमची बिल्डिंग नवी असेल, तर कमिटीला विचारा, ते कुठे आहे आणि चालू आहे का.

आता प्रश्न येणार, मला माहितेय. "आम्ही वाटीभर पाणी वाचवायचं आणि तिकडे मेन पाइपलाइन फुटून कारंजं उडतंय, त्याचं काय?" रास्त प्रश्न आहे. फुटलेल्या पाइपलाइनची तक्रार केलीच पाहिजे, फोटोसकट, आणि तिचा पाठपुरावाही केला पाहिजे. पण त्या पाइपलाइनची चावी आपल्या हातात नाही. बाथरूमच्या नळाची आहे. आणि आपल्या बिल्डिंगमध्ये गळणाऱ्या पाण्याची झळ कुणाला बसते बघा. उन्हाळ्यात पाणी कमी सोडलं, गच्चीवरची टाकी लवकर संपली, की सगळ्यात आधी वरच्या मजल्यांचा प्रेशर जातो. कामावरून रात्री उशिरा येणाऱ्याला कोरडा नळ मिळतो. घरकामाला येणाऱ्या ताई चार घरी भांडी घासून स्वतःच्या घरी जातात, तोवर त्यांच्याकडचं पाणी येऊन गेलेलं असतं. आपण वाचवलेलं पाणी पालघरला परत जात नाही, हे खरं. पण आपल्याच बिल्डिंगच्या टाकीत ते राहतं, आणि सातव्या मजल्यावर रात्री अकराला नळाला पाणी येतं.

तर या रविवारचं काम. आबिदभाईंनी जे तीन माणसांत केलं, ते आपण एका बिल्डिंगपुरतं करायचं. शनिवारी सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि नोटीस बोर्डवर कागद लावा : "उद्या सकाळी १० ते १, गळके नळ दुरुस्त करून मिळतील." ग्रुपवरही टाका. वर्गणी काढून एका प्लंबरला तीन तासांसाठी ठरवा. एका नळासाठी त्याला परवडत नाही, पण वीस नळ असतील तर तो आनंदानं येईल. सोबत दोघंजण जा, त्यात एक मुलगी असू द्या, म्हणजे घरी एकट्या असणाऱ्या बाईलाही दार उघडताना अवघडल्यासारखं होणार नाही. एका वहीत लिहा, किती घरं, किती नळ, किती फ्लश. दुरुस्तीआधी वाटीनं मोजता आलं तर तेही लिहा. आणि मग ती बेरीज लिफ्टजवळ लावा. कुणाच्या घरी काय गळत होतं ते लावू नका, फक्त बेरीज.

तुमच्या बिल्डिंगचा आकडा किती आला, मला मेसेज करून नक्की सांगा. शांती नगर असो, नया नगर असो, कनकिया असो की काशीमिरा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला मी ते आकडे वाचून दाखवेन. एपिसोड आवडला असेल तर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका, सेक्रेटरींना वेगळा पाठवा. भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या, आणि जाता जाता तो नळ जरा घट्ट बंद करा. तरी थेंब पडतच राहिला, तर जास्त पिळू नका, वायसर गेलाय त्याचा!